वखारीवरचं वाचन

लढाईच्या दिवसांत फिल्मची रिळं मिळणं मुश्किल झालं होतं. मुंबईच्या ज्या संस्थेसाठी मी माहितीपटांची निवेदनं लिहीत असे, तिने म्हणून ठरवलं की नव्या मुलांच्या हाती कॅमेरा देण्याआधी त्यांना महिनाभर एका जागी ठेवायचं आणि नुसतं लिहायला लावायचं. शिकवायला मी.

पहिल्या खेपेला दोघंच आली. एक पुण्याच्या शिक्षकांची मुलगी, अबोल. दुसरा नंदुरबारच्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा मुलगा, घरी अहिराणी बोलणारा, कुणाशीही पटकन सूत जमवणारा. विषय होता सातपुड्यातलं सागवान. शहाद्याच्या उत्तरेला डोंगर सुरू होतात, तिथे एका ठेकेदाराची लाकडाची वखार होती. वखारीमागचं घर त्याने आम्हांला राहायला दिलं.

"बाई, घर आपलंच समजा," तो म्हणाला. "एकच मागणं आहे. संध्याकाळी ही मुलं लिहिलेलं वाचून दाखवतात म्हणे. मलाही ऐकू द्या."

नाही म्हणायला कारण नव्हतं. तो रोज दिवेलागणीला यायचा, सोबत केळी घेऊन, आणि भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचा.

मी मुलांना सांगितलं होतं, की निवेदनाचं मागाहून बघू. आधी एक माणूस निवडा आणि तो दिसतो तसा लिहा. मुलाने ओंडके ओढणारा एक पावरा आदिवासी गडी निवडला. कानात चांदीची बाळी, खांद्यावर दोराचा वळ. दिवाळीपासून त्याला डोंगरातल्या घरी जाऊ दिलं नव्हतं. होळी तरी चुकवणार नाही, मुकादम काहीही म्हणो, आम्ही सगळे निघणार, असं तो मुलाला म्हणाला होता. मुलाने ते जसंच्या तसं वाचलं.

ठेकेदाराने डोळे उघडले. "झकास. बाळीवाला म्हणालास ना?"

दुसऱ्या दिवशी बाळीवाला कामावर नव्हता. वरच्या जंगलात धाडलाय, मुकादम म्हणाला. मग मुलीने पोराला पाठीशी बांधून साली गोळा करणाऱ्या एका बाईविषयी लिहिलं. ती बाईही दिसेनाशी झाली. मुलगा पाड्यावर जाऊ लागला की बायका दारं ओढून घेऊ लागल्या. एका म्हातारीने त्याला हात जोडून सांगितलं, "भाऊ, मन्हासंगे बोलू नको."

त्या दुपारी मुलगी विहिरीवर माझ्याजवळ आली. "बाई, आपण ज्याच्यावर लिहितो तो माणूस नाहीसा होतो."

तीच शंका दोन दिवस माझ्याही मनात होती. पण एवढ्या अगत्याने वागणाऱ्या माणसाविषयी ती उच्चारवत नव्हती.

"आज मी नसलेला माणूस लिहिते," ती म्हणाली. "म्हणजे कळेल."

तिने ओढ्याकाठी मोहाच्या झाडाखाली बसणारा एक म्हातारा रचला. एका डोळ्याने अधू, डोक्याला लाल फेटा, होळीला घरी चला म्हणून गड्यांना चिथावणारा. संध्याकाळी तिने तो शांतपणे वाचला. ठेकेदाराने एक केळं सोलून तिच्यापुढे धरलं. "हा काही माझ्या पाहण्यात नाही," तो म्हणाला.

सकाळी मुलगा धावत आला. ठेकेदाराची माणसं पाड्यावर झोपडी-झोपडीत विचारत होती, "लाल फेटावाला बुढा कोठे शे?"

दुपारी त्यांनी एका म्हाताऱ्याला वखारीत आणून बसवलं. त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते. फेटा तेवढा लालसर होता. त्याला आपल्याला कशासाठी आणलंय हे कळत नव्हतं. कुणी जवळून गेलं की तो उठून उभा राहायचा.

मुलगी तडक ठेकेदारासमोर गेली. मी तिच्या मागोमाग.

"तो माणूस नाहीच," ती म्हणाली. "मी मनाने रचला होता."

"असं होय," ठेकेदार म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नाही. "मी तर खरं समजून ऐकत होतो."

"या बाबांना सोडा."

"धरलंय कोणी? सावलीत बसलाय."

मुलगी जाऊन म्हाताऱ्याशेजारी जमिनीवर बसली. मुलगाही आला. मग मीही बसले. ओंडक्यांचा ओला, तुरट वास येत होता. करवती थांबल्या होत्या, गडी लांबून पाहत होते. ऊन उतरल्यावर मुकादमाने येऊन म्हाताऱ्याला नुसती मान हलवून जायला सांगितलं. तो आमच्याकडे न बघता पाड्याच्या वाटेला लागला.

त्या दिवशी वाचन झालं नाही. मुलाने आपली सगळी पानं चुलीत घातली. मी त्याला अडवलं नाही.

सकाळी आम्ही निघालो. ठेकेदाराने स्वतः बैलगाडी जोडून दिली, पोत्यावर चादर अंथरली. "पुढच्या खेपेला कॅमेरा घेऊन या, बाई," तो म्हणाला. "चेहरे नीट दिसतील."

शहाद्याच्या बाजारात बाळीवाला दिसला. एक हात फडक्याने गळ्यात बांधलेला, बाळी कानात नव्हती. मुलगा गाडीतून उडी मारून त्याच्याकडे धावला. त्या गड्याने त्याला ओळखलं, क्षणभर पाहिलं आणि मिरच्यांच्या पोत्यांमागून गर्दीत निघून गेला.

मुंबईला मी घडलेलं सगळं लिहून दिलं. ते वाचलं गेलं की नाही, कळलं नाही. माहितीपट दुसऱ्या कोणी केला. वखार त्यात आहे, माणसं पाठमोरी आहेत. ती दोघं पुढे या धंद्यात टिकली, आणि मी पुन्हा कुणाच्या घरी संध्याकाळचं वाचन ठेवलं नाही.

पण त्या दिवशी नंदुरबारच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसलो असताना मुलीने एकच विचारलं होतं. "बाई, ते बाबा घरी पोचले असतील ना?"