चतुर्थीच्या चंद्रावर पहिली दुर्बीण

मंडळी, आज गणेश चतुर्थी, आणि आजच नातीची पहिली दुर्बीण घरी आली! सून म्हणाली, "आई, आज तिला चंद्र नका दाखवू हं." मला हसूच आवरेना.

साठच्या दशकात, अमरावतीत, मीही नेमका हाच घोळ घातला होता. बाबा भिक्षुकी करायचे. त्यांची जुनी पंचांगं गुंडाळून मी हातभर नळी केली. मागे घड्याळजीकडचं भिंग, पुढे चष्म्याची काच. आठवडाभराचे ढग हटले ते चतुर्थीच्याच संध्याकाळी.

अंगणात नळी डोळ्याला लावली तशी आई ओरडली, "पाहू नोको वं! चोरीचा आळ येईन!"

बाबा बाहेर आले. चष्मा सापडत नाही म्हणून दोन दिवस ते पोथी लांब धरून वाचत होते. त्यांनी नळी घेतली, पुढच्या काचेची टवका उडालेली ओळखीची कड बोटानं चाचपली.

"आळ कायचा येते?" ते आईला म्हणाले. "चोरी त आधीच झाली."

मग माझ्यापुढे खाली बसले. "हात हालून राह्यला तुहा. ठेव नळी माह्या खांद्यावर. अन् काय दिसते ते सांग मले."

चंद्रावर खड्डेच खड्डे होते. मी सांगत गेले, ते ऐकत राहिले.

आज स्टँडचा स्क्रू काही बसेना, नात रडकुंडीला आली. मी गुडघे सांभाळत तिच्यापुढे बसले.

तुम्ही पहिल्यांदा चंद्र पाहिलात, तेव्हा खांदा कुणाचा होता?