लाँचवर रचलेलं गाणं

लाँचवरची तिकीटमावशी म्हणजे जिवंत भोंगा. इंजिनावर आवाज चढवून ती ओरडायची, "आधी उतरू द्या हो! काका, ती सायकल काय माझ्या पोटात घालताय?"

अशा बाईने नदीवर गाणं रचलंय हे कळल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "दिवसभर तीच नदी बघतेस, अजून मन भरलं नाही?"

नव्हतंच भरलं. लाँच भर पात्रात आली की दोन्ही काठ दोऱ्याएवढे बारीक व्हायचे, आणि तिकिटं फाडता फाडता तिला ओळी सुचायच्या.

"हाक मारली काठाला, विरून गेली पाण्यात;
नदी केवढी, मी केवढी, कशी मावली गळ्यात!"

गायनमंडळाला रविवारच्या कार्यक्रमासाठी नवं गाणं हवं होतं. मंडळाच्या मास्तरांना पसंत पडलं, तर तिचं गाणं पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या तोंडी जाणार होतं! ती नवऱ्याला ओढत सभागृहात पोचली. तो त्याच लाँचचं इंजिन सांभाळायचा.

तिने सूर लावला आणि दुसऱ्याच ओळीला ठेका सुटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सुटला. गुळगुळीत फरशीवर पाय नुसतेच उभे.

"बाई, आधी गाणं घरी बसवून आणा," मास्तर म्हणाले.

घरी? घरी कुठे बसवलं होतं! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तळव्यांना धडधड लागत नव्हती! इतकी वर्षं ठेका इंजिन धरत होतं, आणि तिला वाटत होतं आपणच धरतोय.

"अहो, इंजिन सुरू करा!"

"इथे? तोंडाने?"

"मग काय नाकाने? करा लवकर!"

नवऱ्याने गाल फुगवले. "ढग-ढग-ढग-ढग!" मंडळातल्या बायका खो खो हसल्या.

"हे धक्का सोडतानाचं झालं! भर पात्रातलं द्या!"

"ढगक... ढगक... ढगक..."

आणि गाणं लाँचसारखं सुटलं! बायकांचे पाय आपोआप फरशीवर पडू लागले. मास्तरांनी पेटी पुढे ओढली, सूर शोधला आणि हातानेच खूण केली, सगळ्यांनी उचला!

वीसेक गळ्यांतून तिची नदी निघाली. ती तोंडावर हात धरून ऐकत राहिली. शेवटच्या ओळीला बायका जरा ढिल्या पडल्या, तशी ती ओरडली, "अगं, आवाज कशाला पाडताय? काठ अजून लांब आहे!"