जंतूंची स्वयंपाकीण

सकाळपासून धुकं खिडकीला नाक लावून बसलं होतं. घरच्यांचं रात्रीच्या शिळ्यावर भागवून मावशी प्रयोगशाळेत आल्या आणि जंतूंसाठी ताजं रांधायला लागल्या. बावीस वर्षं हेच काम. जंतू चवीला नावं ठेवत नाहीत, हा त्यांचा घरच्यांपेक्षा मोठा गुण.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा सगळा जीव एका प्रथिनात अडकलेला. जंतूच्या दोन भिंतींमधल्या बोळात ते उभं असतं. माल्टोज साखरेचा कण आला की मुठीत पकडतं, आतल्या दाराशी नेऊन देतं; शिवाय पहारेकऱ्याला खूण करतं, की माल अमुक बाजूला आहे. मग जंतू शेपूट फिरवत तिकडे धावतो. हे प्रथिन काढून घेतलेले लुळे जंतू सरांनी मुद्दाम घडवले होते. त्यांनी साखरेच्या ढिगाशेजारी उपाशी बसायचं, असं ठरलेलं. पण या आठवड्यात मऊ आगराच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीत त्यांनी खात-धावत झकास वर्तुळ पसरवलं. झालं, प्रथिनावाचूनही जंतू साखर गाठतात, असा सरांना नवा शोध लागला. परिषदेचं भाषणही तयार.

मावशींनी हळूच सांगितलं, की सरांच्या घाईपायी या खेपेला साखर आगरासोबतच मोठ्या कुकरात गेली. तिथल्या तापाने ती फुटते, थोडी ग्लुकोज होते, आणि ग्लुकोज खायला लुळ्यांना ते प्रथिन लागतच नाही. दुपारपर्यंत मावशींची बदली तळघरात, बाटल्या धुण्यावर. कारण लिहिलं होतं, सहकार्याचा अभाव.

"बदलीच्या कागदावर सही करते की," मावशी सरांना म्हणाल्या. "पण सहा बशा माझ्या हाताने लावून जाते. साखर वेगळी गाळून, आगर निवल्यावर घालून. तुमचं भाषण परवा आहे, माझं तळघर कुठे पळतंय?"

"लावा. तुमचं समाधान होऊ दे."

दुसऱ्या दिवशी तीन बशांत धडधाकट जंतू कडेपर्यंत पोचले होते. उरलेल्या तिनांत लुळे टाकले तिथेच, ठिपक्याएवढे. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग संशोधन करणाऱ्या मुलीला म्हणाले, की आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच, म्हणून तर मावशींना पुन्हा करायला सांगितलं. तिने मान डोलावली. तिची पदवीही त्यांच्याच सहीने मिळायची होती.

बदलीचा कागद सरांनी घडी घालून खिशात ठेवला. फाडला नाही. मोठी माणसं कागद फाडत नाहीत.

"राहा इथेच," ते म्हणाले. "पण मावशी, यापुढे असं काही असलं तर आधी सांगत जा."

मावशी बरं म्हणाल्या आणि उद्याचं आगर तोलायला वळल्या.