सिंहिणीचा आडोसा

मी परगावी असताना अण्णा गेल्याची बातमी मला प्राणिसंग्रहालयाच्या सचिवांकडून कळली, याचा राग महिना उलटला तरी गेलेला नाही. अण्णांचा एखादा बरा फोटो आहे का, असं ते विचारत होते. सिंहांच्या आवारावरच्या गॅलरीत लावायचा होता... ज्या गॅलरीला अण्णांनी शेवटपर्यंत विरोध केला, त्याच गॅलरीत.

आम्ही दोघं आर्किटेक्ट, वीस वर्षं कोल्हापुरात एकाच ऑफिसात भागीदार. वयानं आणि अकलेनं ते थोरले. बंगले, मंगल कार्यालयं करता करता सिंहांच्या आवाराचं काम आलं आणि अण्णांना दुसरं काही सुचेना. ते मूळचे चंदगडचे; जनावर कुठं दडतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. माझ्या हातात टेप देऊन स्वतः आवारासाठी दिलेल्या माळावर चक्क रांगायचे. सिंहाच्या डोळ्यांच्या उंचीवरून जिथं माणूस दिसेल, तिथं खुंटी ठोकायचे आणि नेमकं त्या जागी बांबूचं बेट लावायला सांगायचे. गवंडी तोंड फिरवून हसायचे. पहिली सिंहीण आली ती सगळं आयुष्य सिमेंटच्या पिंजऱ्यात काढलेली. बांबूत शिरली आणि दिवसा बाहेर यायचं नाव घेईना. कठड्यापाशी एक गृहस्थ तणतणत होते, "पोरांस्नी सिंह दावायला आणलंय, आन् हितं नुस्तं गवात हाय की." अण्णा त्यांना शांतपणे म्हणाले, "पावणं, आजवर समद्यांनी तिलाच बघितलंय. आता तिला वाटंल तवा ती तुमास्नी बघंल."

तक्रारी वाढत गेल्या. बांबू काढून वर गॅलरी बांधायची, असं समितीनं ठरवलं. सुधारित नकाशावर अण्णा सही करेनात, तेव्हा समितीनं मला बोलावलं. भागीदार म्हणून माझी सही चालत होती. पुढच्या दोन कामांचं गाजरही दाखवलं. मी सही केली. अण्णांना सांगायची हिंमत झाली नाही. तोडलेले बांबू बघूनच त्यांना कळलं. संध्याकाळी ते ऑफिसात आले.

"सही केलास ते केलास," ते म्हणाले. "पर तिला पाठ टेकायला एक कोपरा तरी ठेवायचा हुतास."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही एका खोलीत बसलो, पण कामापलीकडे ते माझ्याशी बोलले नाहीत.

शोकसभेत सचिवांनी त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. मीही बोललो. लोकांनी डोळे पुसले इतकं चांगलं बोललो आणि सहीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आता लिहितोय, तर ऐकायला ते नाहीत. परवा जाऊन आलो. सिंहीण भिंतीच्या कडेनं येरझाऱ्या घालत होती. गॅलरीतून सगळ्यांना छान दिसत होती.

अण्णांचं टेबल ऑफिसच्या कोपऱ्यात आहे. मागे भिंत, बाजूला भिंत, समोर दार. वहिनी म्हणतात, भावजी, आता तिथं तुम्हीच बसा. उजेड कमी पडतो, असं मी त्यांना सांगतो. खोटं आहे ते. त्या कोपऱ्यात पाठ टेकून बसायची माझी लायकी नाही.