बाप्पाच्या डोक्यावरचा एसी

अबूधाबीत भाद्रपद फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात येतो. बाहेर वैशाखच असतो, तोही दमट. अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दीड दिवसाचा गणपती बसतो आणि संध्याकाळच्या आरतीला तीस-चाळीस माणसं येतात. ‘सहकुटुंब या’ असं माझे यजमान व्हॉट्सअ‍ॅपवर उदारपणे लिहून टाकतात. एवढी कुटुंबं एका हॉलमध्ये थंड कशी ठेवायची, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही.

तो मला पडतो. म्हणून दुपारीच पडदे ओढायचे, मोदक सकाळी उकडून गॅस बंद करायचा, माणसं यायच्या आधी घर गार करून ठेवायचं आणि बाल्कनीचं दार अजिबात उघडायचं नाही. नियम सोपे आहेत. पाळणारी मी एकटी.

त्या वर्षी मोठ्या नणंदबाई साताऱ्याहून आल्या होत्या, शाडूची मूर्ती घेऊन. विमानातल्या मुलीने मूर्ती वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितली, तेव्हा त्यांनी तिला अस्सल सातारी मराठीत ‘तुझा देव ठेवशील का तिथं?’ असं विचारलं आणि सगळा प्रवास बाप्पाला मांडीवर घेऊन केला. घरात पाऊल टाकताच निकालही दिला.

“हवा कोंडलीय गं तुमच्याकडं. शिळी वाटते.”

तेव्हापासून रोज सकाळी बाल्कनीचं दार त्यांनी उघडायचं आणि मी लावायचं. इडलीपात्राचं झाकण काढल्यावर तोंडावर येते ना, तशी हवा आत यायची. तिला त्या ताजी म्हणायच्या.

मूर्ती कुठे बसवायची, यावर मात्र बहीणभावाचं लगेच एकमत झालं. छतातल्या एसीच्या जाळीखाली! यजमानांना झेंडू टवटवीत राहायला हवा होता आणि ताईंना देवाला उकडायला नको होतं. शिळी हवा देवाला चालत होती. मी कोपरा सुचवला, तो कोणी ऐकला नाही.

संध्याकाळी माणसं जमली आणि घर काही गार होईना. “वहिनी, एसी चालू आहे ना?” आत येणारा प्रत्येक पुरुष भिंतीवरच्या बटणापाशी जाऊन तापमान आणखी एक अंश खाली आणत होता. यांतले निम्मे इंजिनिअर. आकडा खाली नेला म्हणून खोली लवकर गार होत नाही, हे त्यांना कॉलेजात शिकवलं असावं. पण घाम फुटला की शिक्षण वाहून जातं.

आरतीच्या ताटातलं निरांजन लावलं आणि माझी मुलगी म्हणाली, “मॉम, इट्स रेनिंग ऑन बाप्पा.”

जाळीतून टपटप पाणी गळत होतं, थेट बाप्पाच्या खांद्यावर. शेल्याचा रंग सुटून एक लाल ओघळ हातावर उतरला होता. माझ्या पायाला गरम वाफ लागली, म्हणून पडदा सारला. मागे बाल्कनीचं दार सताड उघडं!

“अगं, मी धूप घातला ना,” ताई म्हणाल्या. “तूच म्हणालीस, धुरानं तो अलार्म बोंबलतो. म्हणून उघडलं.”

फ्रिजमधल्या बाटलीला बाहेर काढल्यावर पाणी सुटतं, तसं त्या दमट हवेने गार जाळीला सुटलं होतं. आणि आमच्या इंजिनिअरांनी ती आणखी गार करून ठेवली होती.

“मूर्ती जरा सरकवू या,” कोणीतरी म्हणालं.

“हात लावायचा नाही!” ताई कडाडल्या. “प्रतिष्ठा झालीय. उत्तरपूजेआधी बाप्पा जागचा हलत नाही.” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “उद्यापर्यंत टिकेल ना गं? मांडीवर आणलाय मी.”

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं होतं. मी दार लावलं आणि एसी बंद केला. भर गर्दीत, आरतीच्या तोंडावर. यजमानांच्या हातात परात देऊन त्यांना स्टुलावर चढवलं. सहकुटुंब बोलावणाऱ्याने सहकुटुंब भिजायला नको का?

आरती सुरू झाली. परातीत थेंब पडत होते, टाळांपेक्षा तालात. दुबईतल्या देऱ्याहून आलेले एक काका कुडत्याचं दुसरं बटण सोडत म्हणाले, “सॉना आहे हे आधी सांगायचं, हबीबी, टॉवेल घेऊन आलो असतो. यल्ला, उरका आता!” एरवी तासभर चालणाऱ्या आरत्या त्या दिवशी भराभर संपल्या. ज्यांना सगळी कडवी पाठ असतात, ते दोन कडव्यांत मोकळे झाले. मोदक लोकांनी लिफ्टपाशी उभं राहून खाल्ले, कारण इमारतीचा पॅसेज गार होता. गप्पांना कोणी थांबलं नाही. घर लवकर रिकामं करायचा याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

जाळी कोरडी झाली. खांद्यावर एक खळगा आणि हातावर लाल रेघ, एवढंच नुकसान. बाप्पा उद्यापर्यंत टिकणार होता. यजमान दंड चोळत बसले. मी बेताने एसी लावला, चोविसावर.

मी ताटं गोळा करत होते, तेव्हा ताई उठल्या. त्यांनी बाल्कनीच्या दाराचा खटका ओढून पाहिला, मग आणखी एकदा. फटीवर तळहात धरला.

“इथनं गरम झुळूक येतीय बघ,” त्या म्हणाल्या. “काहीतरी लाव गं इथं.”

मी त्यांना पायपुसणं दिलं. त्यांनी ते फटीत घट्ट दाबून बसवलं आणि मूर्तीसमोर शाल पांघरून बसल्या.