खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला माणसांनी फारसं छळलं नाही, पॅकेजनी छळलं. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम बसवायचा तर त्याचं तयार गाठोडं मिळतं, ते पॅकेज. नवं गाठोडं बसवायला घ्यावं तर ते म्हणतं, आधी अमुक आणा. अमुक आणावं तर त्याला तमुक लागतं. तमुक डाऊनलोड व्हायला पाऊण तास जातो आणि मग ते सांगतं, तुमच्याकडचं पहिलं फार जुनं आहे, मी बसणार नाही. पडद्यावर दोन ओळींचा इंग्रजी नकार येतो. त्यात राग नाही, माया नाही. मी कितीदा तरी त्या पडद्याला हात जोडले आहेत.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका छापखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापली जायची, वर वेबसाइटी व्हायच्या. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. छापखाना मालकांना वडिलांकडून आला होता. पुढं सगळं इंटरनेटवर जाणार असं त्यांच्या डोक्यात बसलं, म्हणून त्यांनी एक लीज लाइन घेतली, एक मशीन घेतलं आणि मला घेतलं. "वेबसाइट छापून झाली का?" असंच ते शेवटपर्यंत विचारायचे.

मी तालुक्याच्या गावच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. नोकरी शोधत कोल्हापुरात फिरत होतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात कुठल्या बाजूला राहता ते. मालकांनी फक्त विचारलं, कॉम्प्युटर खोलता येतो का. येतो म्हटल्यावर म्हणाले, मग उद्यापासून ये. त्याचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण त्या उपकारांपायीच मी एकदा गप्प बसलो, आणि ते महागात पडलं.

त्या वर्षी एका इंजिनिअरिंग कॉलेजची वेबसाइट आमच्या सर्व्हरवर, म्हणजे त्या एका मशीनवर, होती. दिवाळीनंतर एक मोठी कंपनी कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार होती, पहिल्यांदाच. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी वेबसाइटवर फॉर्म भरायचे होते. मुदत दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी पाचची. त्या वेळेला यादीत ज्याचं नाव असेल तोच मुलाखतीला बसणार. तारीख ठरवताना कंपनीनं कॅलेंडर बघितलं नसावं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मेल आली, की वेब सर्व्हर, म्हणजे वेबसाइट दाखवणारा प्रोग्रॅम, जी लायब्ररी वापरतो तिच्यात सुरक्षेचं भोक सापडलंय, लगेच नवी बसवा. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायचा भाग. मी नवी उतरवून घेतली आणि नेहमीचा तमाशा सुरू झाला. हे आणा, ते आणा. संध्याकाळपर्यंत सात पॅकेज आणली आणि आठव्याला माझा धीर संपला. सोबतचं काही न बघता बसव, अशी एक आज्ञा असते. वापरू नका असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी वापरली. काही बिघडलं नाही. वेबसाइट चालू, फॉर्म चालू.

पण चालू असलेला प्रोग्रॅम जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसलेला असतो. डिस्कवरून ती गेली तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून अपग्रेड झालं की वेब सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, म्हणजे काय ते तिथल्या तिथं कळतं. मी ते करायलाच निघालो होतो, तेवढ्यात मालक जिना चढून वर आले. चालतंय का, म्हणून त्यांनी विचारलं. चालतंय, म्हटलं.

"मग चालतंय की. दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा न्हाय. पोरं फॉर्म भरायल्यात."

मी हात लावला नाही.

चौथ्या दिवशी खंडेनवमी आली. छापखान्यात त्या दिवशी सगळी मशिनं धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून बंद ठेवायची, आणि दसऱ्याला सकाळीच चालू करायची, अशी त्यांच्या वडिलांपासूनची रीत. दुपारी बारा वाजता मालक पूजेचं ताट घेऊन वर आले आणि त्यांनी सर्व्हरचा स्विच बंद केला. हात लावायचा नाही हे त्यांचंच सांगणं होतं, पण पूजेसाठी बंद करणं हे त्यांच्या लेखी बंद करण्यात मोडत नव्हतं.

मी दाराशी उभा होतो. फॉर्म थांबतील, हे ओठांवर आलं होतं. अपग्रेडनंतर मी तो पुन्हा चालू करून बघितलेला नाही, हेही. पण आम्ही बौद्ध. मालकांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी मला कधी आरतीला उभं केलं नव्हतं, की ताट हातात दिलं नव्हतं. आता मी 'थांबा' म्हटलं तर ह्याला पूजाच नको आहे असं त्यांना वाटेल, असं माझ्या मनात आलं. ज्यानं आडनाव न विचारता कामावर घेतलं त्याच्या सणात मोडता कसा घालायचा? मी गप्प बसलो. छापखान्यात हलणाऱ्या प्रत्येक भागाला कुंकू लागतं, म्हणून मालकांनी सीडीचं बटण दाबलं, ट्रे बाहेर आला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि तो आत ढकलला.

दसरा म्हणजे आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. दुपारी गावी विहारात कार्यक्रम होता. आईनं पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायला सांगितलं होतं. तो घालून मी सकाळी आठला ऑफिसात गेलो, पाच मिनिटांत मशीन चालू करून निघायचं म्हणून. मशीन चालू झालं. वेब सर्व्हर झाला नाही. लायब्ररी सापडत नाही, अशी एकच ओळ.

मग मी जुनी बसवायला गेलो. उत्तर आलं, नवी आधीच आहे, जुनी बसणार नाही. नवी काढायला गेलो, तर ती काढली की इतर पाच प्रोग्रॅम मोडतील म्हणालं. ज्यानं चार दिवसांपूर्वी मुकाट्यानं जबरदस्ती करून घेतली, त्याला आता नियम आठवले होते. जुन्या लायब्ररीवाचूनही चालेल असा नवा वेब सर्व्हर बसवू म्हटलं, तर त्याला अजून चार गाठोडी लागत होती. लाइन रडतरडत ओढत होती. जुनं सगळं ज्या सीडीवर होतं ती ड्राइव्हमध्ये घातली, तर आतून घरघर आली आणि थांबली. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, ड्राइव्ह उघडला. हळद सीडी वाचणाऱ्या भिंगापर्यंत गेली होती. तांदळाचा एक दाणा चाकाच्या फटीत होता. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर कुंकू लागलं ते तेव्हाच.

आणि फोन वाजत होता. मुलं एसटीडी बूथवरून विचारत होती, साइट कधी उघडणार. एक मुलगी जवळच्याच शिंगणापूर गावाहून सायकल मारत शहरात आली होती, एक सायबर कॅफे उघडा सापडला होता, आणि आता साइटच नव्हती. ती मला सर म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहाच्या सुमाराला मालक आपट्याची पानं घेऊन वर आले. मला जमिनीवर बसलेलं बघून काय झालं म्हणाले. मी सगळं सांगितलं, जबरदस्तीच्या आज्ञेपासून.

"पूजेच्या आधी का न्हाय सांगितलंस?"

"तुम्हाला वाटलं असतं, मी पूजेला नको म्हणतोय."

मालकांनी हातातली पानं टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "आणि मी तुला न इचारता का बंद केलं? इचारलं तर तुला वाटंल, ह्यो पूजेचं मुद्दाम इचारतोय. दोघंबी लई शहाणं." त्यांनी फोन आपल्याकडे ओढला. "तू मशीन बघ. पोरं माझ्याकडं."

खालून त्यांनी कोऱ्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला. ज्याचा फोन येईल त्याचं नाव आणि नंबर ते एकेका कार्डावर लिहू लागले. कॉलेजच्या सरांनाही फोन लावला. सर म्हणाले, यादी कंपनी वेबसाइटवरूनच घेणार, कागद चालणार नाही. मालक त्यांना काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दाणा काढून भिंग मी घड्याळाच्या काचेसारखं जपून पुसलं, तेव्हा सीडी फिरली. पुढचे तीन तास जुनीला आत घालण्यात आणि नवीला बाहेर काढण्यात गेले. जे सुचायला हवं होतं ते दोन वाजता सुचलं. कुणालाच काढायचं नव्हतं. सीडीवरच्या गाठोड्यातून मी जुनी लायब्ररी तेवढी सोडवून घेतली आणि नवीच्या शेजारी ठेवली. दोघींची नावं वेगळी, एकमेकींच्या वाटेला जायचं कारण नव्हतं. वेब सर्व्हर एका दमात चालू झाला. भोक पुन्हा उघडं राहिलं, पण ते उद्या बुजवता आलं असतं. मला आनंद झाला नाही. इतकं सोपं होतं याचा संतापच आला.

आता वाजले होते सव्वादोन आणि बहुतेक कॅफे बंद. म्हणून मालकांनी कार्डं समोर मांडली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. ते विचारत, मी टाईप करत असे. त्यांचा आवाज खालच्या चौकापर्यंत जात असणार. "पावणं, पोराला बोलवा फोनवर. नोकरीचं हाय. जेवण राहू द्या." कुणाला टक्के पाठ नव्हते, कुणाची मार्कशीट ट्रंकेत होती, कुणाचा बाप मालकांनाच उलट दसऱ्याचं आवतण देत होता. शिंगणापूरची मुलगी कॅफेतच बसून होती, तिनं स्वतःच भरला. पाचला दहा मिनिटं असताना अठ्ठावीस कार्डं झाली.

एकोणतिसाव्यावर शेजाऱ्याचा नंबर होता. शेजारी म्हणाला, सकाळी तो इथूनच फोन करून गेला, मग घरची सगळी जोतिबाला गेली, सांजच्याला येतील. मालकांनी चार वेळा लावला. नाव होतं, पण टक्के नव्हते, आणि त्यावाचून फॉर्म पुढं सरकत नव्हता. पाच वाजले आणि पान बंद झालं. ते पाचला आपोआप बंद व्हावं अशी सोय मीच केली होती, आणि सबंध दिवसात बिनचूक चाललेली तेवढीच.

दुसऱ्या दिवशी मालक कॉलेजात जाऊन आले. सर म्हणाले, यादी गेली. तो मुलगा पुढं कुठं लागला, लागला की नाही, मला माहीत नाही. गावी पोहोचलो तेव्हा कार्यक्रम संपून गेला होता. आईनं बाहीवरचं कुंकू बघितलं आणि शर्ट भिजत घातला. डाग पूर्ण गेला नाही.

ते एकोणतिसावं कार्ड मी सर्व्हरच्या पुढच्या बाजूला चिकटवलं. पुढं कुठलंही पॅकेज बसवलं की ते समोर असायचं, आणि मी त्याच मिनिटाला वेब सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचो, कुणी काहीही म्हटलं तरी.

पुढच्या खंडेनवमीला मालक ताट घेऊन वर आले आणि मशिनसमोर थांबले. स्विचकडे हात नेला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल. गप बसायचं न्हाय."

"बंद नको," मी म्हणालो. "आणि ट्रे उघडायचा नाही."

"बरं." त्यांनी चालू मशिनलाच हार घातला. कार्ड झाकलं जात होतं, म्हणून तो थोडा बाजूला सरकवला.