लॉरीची आंघोळ

माझी बायको गेली त्या दिवशी सकाळीबी शेजारच्या डायवरानं आणि मी तिच्या बंबातलं कढत पाणी नेऊन त्याच्या डिझेलच्या लॉरीच्या रेडिएटरात ओतलं. थंडीत गार इंजिन हलायचंच नाही. स्वतः हा बाबा आठवड्यातून एकदा न्हाणार, पण लॉरीला रोज ऊन पाणी पाहिजे. दारातनं ओरडायचा, "काकी, पोरगी कुडकुडतीया की!" ही म्हणायची, "पोरीच्या बापानंबी आंग धुवावं कधीतरी."

दुपारी हिच्या छातीत कळ आली आणि ही गेली.

दुसऱ्या सकाळी मी विझल्या चुलीपाशी बसलो होतो. उठायची इच्छाच नव्हती. सुतकाच्या घरचं पाणी कोण नेतो? तर हा बादली घेऊन आत. समोरची म्हातारी बोललीच, "आरं, सुतक हाय तितं!"

"लॉरीला कसलं सुतक, मावशी?"

फुंकून फुंकून त्यानं बंब पेटवला. डोळे लाल झाले, धुरानं म्हणे. बाहेर लॉरीत बसलेले मोहोळ गावचे उतारू उशीर झाला म्हणून शिव्या घालत होते. पाणी तापलं तशी त्यानं पहिली बादली माझ्यापुढं ठेवली.

"आदी तुमी न्हा, काका."

आणि मी उठेपर्यंत तिथनं हलला नाही.